कातडं उतरवताना

कोंगो कोण चांगला वाजवतो, ते मला विचारू नका.
मी कार्यक्रमांना फारसा गेलोच नाही.
गंज पेठेत सातनंतरच गिऱ्हाईक येतं :
ढोलकीवाले, बँडवाले,
शाळेचा फाटका ड्रम सायकलला बांधून आलेला शिपाई.
माझ्याकडे येतं ते वाजवून झालेलं कातडं.
बोट फिरवलं की कळतं.

नामदेव वायदंडे. हलगीचा हात, बँडातून ऑर्केस्ट्रात गेलेला.
त्याचं कातडं काठाशी चकचकीत,
मधे कोरं.
बालगंधर्वला त्याच्या चाटेवर शिट्ट्या पडायच्या म्हणे.
आठ महिन्यांत फाटायचं.
"म्हशीचं घाल, जाड घाल, चिलखत घाल."
घातलं. तेही फाडलं.
काही हात असतात असे,
दार उघडं असलं तरी ठोठावल्याशिवाय आत येत नाहीत.
मला आवडतात. धंदाही चालतो.

एलिझा झिराडकर, रास्ता पेठ,
दिवसा टेलिफोन खात्यात.
तळवा एवढासा. जोर लावायचीच नाही,
हात वरून नुसता सोडायची,
पिकलेली चिंच आपल्या वजनानं पडते तसा.
एकदा दुकानात वाजवून बघत होती
तर समोर भांडीवाल्याची ताटं बारीक बोलायला लागली.
म्हटलं, हे कसं काढता?
"आवाज मी काढत नाही, तो आत असतोच.
मी फक्त हात वेळेवर उचलते."
तिचं कातडं अकरा वर्षं टिकलं.
शेवटी उंदरानं खाल्लं.

आणि नोरोन्हा. सिल्वेस्टर.
खडकीच्या कारखान्यात यंत्रानं
उजव्या हाताचं मधलं बोट पेरापासून नेलं,
त्यानंतर वाजवायला लागला. आधी नाही.
त्याला मी एकदाच ऐकला, क्वार्टर गेटजवळच्या एका लग्नात,
दोन महिन्यांचं भाडं मागायला गेलो होतो.
डावा तळवा टाच-बोटं, टाच-बोटं,
बाळाला निजवताना आई थोपटते तेवढाच.
उजवा एक, दोन, तीन,
आणि चौथ्याच्या जागी काहीच नाही.
पुढच्या फेरीलाही नाही.
अख्खा मांडव त्या न वाजलेल्या ठोक्यावर पाय टाकत होता,
म्हाताऱ्या, पोरं, केटररची माणसं ट्रे घेऊन.
मधेच गुडघ्यांनी पिंप जरा उचललं त्यानं,
खालून घुमारा सुटला
आणि माझ्या चपलेला कळला.
भाडं मागायचं राहून गेलं.
वहीत अजून येणं आहे.

गेल्या मंगळवारी बाणेरचा एक मुलगा कोंगो घेऊन आला,
कुणाकडून तरी जुना घेतलेला.
"काका, प्लास्टिकचं बसवा, पावसाळ्यात उतरत नाही."
खरं आहे. कातड्याला बल्ब लावून शेकत बसावं लागतं,
आजाऱ्यासारखं.
नट सैल केले, कडं उचललं,
कातडं उजेडात धरलं.
डावीकडे बशीएवढा काळा डाग, तळव्याचा.
उजव्या काठाला बोटांच्या झिजेच्या खुणा :
एक, दोन, तीन,
आणि मधली आखूड.
"काय बघताय?"
"तडा आहे का, ते."
"टाकून द्या."
बरं म्हटलं.

वाळलेलं कातडं गुंडाळता येत नाही,
ते आपला आकार धरून बसतं.
फळीवर उताणं ठेवलंय, त्यात नट-वायसर टाकतो.

काल नामदेव आला. हात थरथरतो आता,
चहासुद्धा बशीतून घेतो.
नट खाली ओतले, कातडं पालथं केलं,
खुणांवर आपली बोटं ठेवून पाहिली.
त्याचं मधलं बोट पुढे सरकलं, कोऱ्या जागेवर.
"मजुरी घेतलीस याची?"
"प्लास्टिकची घेतली."
"मग ठीक."

पिंपावरून सुटलेलं कातडं वाजत नाही,
त्याला माझ्याइतकंच माहीत आहे.
तरी जाताना त्यानं काठावर
एक चाट मारलीच.